फाटकवाल्याचा चेहरा

दादा जाऊन बावीस दिवस झाले होते आणि कारखान्यात अजून कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. शिलाई मशीन सुरू झाल्या होत्या, कारण एका युद्धपटाचे चाळीस कोट शनिवारी द्यायचे होते. पण ज्या लांबट हॉलमध्ये एका टोकाला कपडे आणि दुसऱ्या टोकाला मुखवटे असा साठ वर्षांचा संसार चालत आला होता, तिथं माणसं एकमेकांकडे कात्री मागतानाही हळू मागत होती. दादाची बहीण ताई आपल्या टोकाला बसून एका राक्षसाच्या भुवईत केस टोचत होती. एकेक केस, सुईनं. हे काम तिनं मुद्दाम काढलं होतं. त्याला डोकं लागत नाही आणि वेळ मात्र भरपूर खातं.

दादाच्या अर्धवट राहिलेल्या चित्रपटाची दिग्दर्शिका आली ती साडेअकराच्या सुमाराला. दादा गेला त्या दिवशीही ती आली होती, पण तेव्हा मागे उभी राहून निघून गेली होती. आज तिनं स्वतःच स्टूल ओढून घेतलं. बाबा न बोलावता कठड्याला धरत वरच्या घरातून खाली आले. ब्याऐंशी वर्षांचे बाबा हल्ली जिना दिवसातून एकदाच उतरत, आणि आज ते दुसऱ्यांदा उतरत होते. भावंडांतला धाकटाही होता. नऊ वर्षांपूर्वी 'तुमचे मुखवटे आता बघतंय कोण' असं म्हणून तो ह्याच हॉलमधून बाहेर पडला होता, आणि संगणकावर पडद्यावरचे चेहरे बदलण्याचं काम करत होता. दादा गेल्यापासून तो रोज यायचा आणि कुठं बसावं हे न सुचून कटिंगच्या टेबलाला टेकून उभा राहायचा.

"दोन प्रसंग राहिलेत," दिग्दर्शिका म्हणाली. "दोन्हींत दादांना एक शब्दही बोलायचा नव्हता. त्यांचा रेल्वेचा फाटकवाला मुलीच्या घरापर्यंत चालत जातो, दार वाजवतो, मुलगी दार उघडते. दोघं बघत राहतात. आणि दुसऱ्यात तो नुसता खिडकीशी बसलेला आहे. पण ह्या दोन प्रसंगांशिवाय चित्रपट उभाच राहत नाही."

"मग?" वहिनीनं विचारलं. कपड्यांचं टोक तिचं होतं, दादाशी लग्न होऊन ती ह्या घरात आली तेव्हापासून. आताही तिच्या मनगटाला टाचण्यांची गादी तशीच बांधलेली होती.

"निर्माते म्हणतायत, दुसरा नट घ्या आणि पहिल्यापासून सगळं पुन्हा करा. तसं झालं तर दादांनी केलेलं काम कधीच कुणाला दिसणार नाही." ती थांबली. "नाहीतर त्यांच्या चेहऱ्याचा मुखवटा करून तो दुसऱ्या कुणाला तरी लावायचा. असा मुखवटा तुमच्याशिवाय कुणाला जमायचा नाही. आणि हे तुम्हालाच विचारावं लागतंय, ह्याची मला लाज वाटते."

"करायचं," बाबा म्हणाले.

"नाही," वहिनी म्हणाली.

दोन्ही शब्द एकदमच निघाले. धाकट्यानं घसा खाकरला. "मुखवटाच कशाला पाहिजे? कुणालाही उभं करा, चेहरा मी नंतर संगणकावर बसवतो. दादाचं इतकं चित्रीकरण झालंय, त्यातून होईल."

"मुलीचं काम करणारी पोर वीस वर्षांची आहे," दिग्दर्शिका म्हणाली. "दार उघडल्यावर तिला बाप दिसायला हवा. कोऱ्या तोंडाकडे बघून तिला मी काय सांगू?" मग ती उठली. आठवडाभरात कळवा म्हणाली आणि निघताना वहिनीला हात जोडून गेली. वहिनीनं हात जोडले नाहीत.

ती गेल्यावर मशीन थांबल्या. कामाला असलेल्या दोघी बायका न सांगता मागच्या अंगणात गेल्या. उरली ती घरचीच चार माणसं.

"वहिनी, निदान विचार तर कर," धाकटा म्हणाला.

"भाऊजी, तुम्ही नऊ वर्षांत ह्यांची विचारपूस केली नाहीत. आता मला विचार करायला सांगू नका." तिचा आवाज चढला नव्हता. "तीस वर्षं हे दुसऱ्यांच्या चेहऱ्याखाली राहिले. नायकाचा डुप्लिकेट! नायकाचा चेहरा लावून आगीतून पळाले, घोड्यावरून पडले, छपरांवरून उड्या मारल्या. टाळ्या नायकाला. घरी आले की कानामागचा गोंद मी तेल लावून काढायचे, आणि मग खाली ह्यांचा चेहरा सापडायचा. तेवढा एक माझा होता. तो आता परक्याच्या तोंडावर चढवू?"

तीस वर्षं छपरांवरून उड्या मारलेला माणूस शेवटी एका सुट्टीच्या सकाळी बुटाची नाडी बांधता बांधता गेला होता. नाडी अर्धी बांधलेली होती. ती पुढे वहिनीनंच सोडली होती.

"सूनबाई," बाबा म्हणाले, "मला एक सांगायचंय. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही." ते दोन्ही हात गुडघ्यांवर दाबून बसले होते, थरथर दिसू नये म्हणून. "तो बावीस वर्षांचा असताना एका दिग्दर्शकानं त्याला कामासाठी मागितलं होतं. डुप्लिकेट म्हणून नव्हे. काम करायला. चांगली भूमिका होती. माणूस माझ्याकडे आला, घरातला मोठा म्हणून. मी त्याला परस्पर नाही म्हणून सांगितलं. म्हटलं, आमच्या घरात चेहरे बनवतात, दाखवत नाहीत. पोराला पत्ताही लागू दिला नाही. मला भीती वाटली होती. तो गेला असता तर हा कारखाना..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. "त्याला हे काम ह्या वयात मिळालं. आता तेही पुसलं गेलं तर ते दुसऱ्यांदा मीच पुसल्यासारखं होईल."

ताईच्या हातातली सुई तशीच राहिली. तिलाही हे ठाऊक नव्हतं.

वहिनीनं त्यांच्याकडे पाहिलं. "ह्यांना माहीत होतं, बाबा."

"काय?"

"आमचं लग्न ठरलं तेव्हाच मला सांगितलं होतं ह्यांनी. तो दिग्दर्शक नंतर ह्यांना एका सेटवर भेटला होता. त्यानंच सगळं सांगितलं."

बाबांचा चेहरा एकदम म्हातारा झाला. "मग तो कधी बोलला का नाही मला?"

"म्हणायचे, बाबांना कळलं की मला माहीत आहे, तर बाबा माझ्याकडे बघायचं बंद करतील."

धाकट्यानं खिडकीकडे तोंड फिरवलं. थोड्या वेळानं बाबा उठले आणि जिन्याकडे गेले. दरवेळी हाताला धरून त्यांना वर नेणारी वहिनी आज जागची हलली नाही. ताईच त्यांच्याबरोबर गेली.

त्या आठवड्यात घरात दोन पक्ष पडले. बाबा आणि धाकटा एकीकडे, वहिनी एकटी दुसरीकडे. धाकटा आणि बाबा एका बाजूला, असं दृश्य कारखान्यानं प्रथमच पाहिलं. दोघं मिळून ताईला आपल्याकडे ओढत होते, आणि ताई कुणाकडेच जात नव्हती. तिची अडचण निराळी होती, आणि ती तिला कुणालाही सांगता येण्यासारखी नव्हती. तिला तो मुखवटा करायचा होता. दिग्दर्शिकेनं विचारलं त्या क्षणीच तिच्या बोटांनी कामाला सुरुवात केली होती. नाकाच्या बाजूचा मांसल उतार, हनुवटीवरचा व्रण, डोळ्यांखालच्या पिशव्या. कुठं माती किती लावायची ह्याचा हिशोब मनात आपोआप चालू झाला होता. भाऊ जाऊन महिना झाला नाही आणि आपल्याला हे सुचतंय, ह्याची तिला शरम वाटायची. पण शरम वाटली म्हणून बोटं थांबत नव्हती.

सहाव्या दिवशी दुपारी ती वहिनीच्या टोकाला गेली. वहिनी कोटांना बटणं लावत होती.

"वहिनी, तू दादाचं काम पाहिलंयस का?"

"नाही. हे म्हणाले होते, पुरं झालं की एकदमच बघ."

"मग तू आधी बघ. मग नाही म्हण. तू नाही म्हणालीस तर मी बाबांना सांगेन की मला जमणार नाही. खोटं बोलेन. पण न बघता नाही म्हणू नकोस."

वहिनीनं दोरा दातानं तोडला. "तुला करायचाय ना तो?"

ताईनं टेबलावरचं एक बटण उचललं आणि उलटंसुलटं करून पाहिलं.

"चेहऱ्यावर दिसतंय तुझ्या," वहिनी म्हणाली. रागानं नाही. सुई गादीत खोचून ती उठली.

दिग्दर्शिकेनं दुसऱ्याच दिवशी त्यांना संकलनाच्या खोलीत बोलावलं. खोली लहान होती. चार खुर्च्या मावत होत्या आणि बाबांच्या गुडघ्यांना टेबल लागत होतं. पडद्यावर रेल्वेचं फाटक आलं. शेजारी एक केबिन, आणि केबिनच्या पायरीवर दादा.

ही कथा घरात सगळ्यांना ठाऊक होती. एका हट्टी फाटकवाल्यानं मुलीला आपल्या मनाविरुद्ध लग्न केलं म्हणून घराबाहेर काढलेलं असतं, आणि अकरा वर्षांनी तो तिच्याकडे जायला निघतो. पण कथा ठाऊक असणं वेगळं. पडद्यावर मुलगी पिशवी घेऊन पायरीखाली उभी होती आणि दादा तिच्याकडे बघत होता. तो ओरडत नव्हता. हातातला हिरवा बावटा त्यानं नीट गुंडाळला, काखेत धरला, आणि मुलीकडे असं पाहिलं की जणू ती पायरीखाली उभी नाहीच. रस्त्यावरचा दगड बघावा तसं. मग मुलगी वळून चालू लागल्यावर तो चेहरा जरासा सैल झाला, आणि त्यात काहीतरी उघडं पडलं. पण ते दिसतंय हे कळल्यासारखं त्यानं लगेच मिटून टाकलं.

ताईचा हा भाऊ साध्या मांजरालाही हाकलत नसे.

वहिनी पुढे झुकली होती. "पुन्हा लावा," ती म्हणाली. पुन्हा लावलं. तिसऱ्यांदाही लावायला लावलं. मग तिनं मागे टेकून हात मांडीत घेतले.

"कोट माझा आहे," ती म्हणाली. "खांद्याला मीच दोनदा उसवून घेतलाय. पण आतला माणूस माझ्या ओळखीचा नाही. सव्वीस वर्षांत ह्यांनी माझ्याकडे असं कधी पाहिलं नाही. असं बघता येतं हेसुद्धा मला माहीत नव्हतं." तिनं डोळे पुसले नाहीत, ते वाहू दिले. "मी उगाच माझा, माझा करत बसले. हा माणूस ह्यांनी केलाय. मी कपडे करते, ताई मुखवटे करते, तसा ह्यांनी हा केला. त्याला मुलीच्या दारापर्यंत तरी जाऊ दे."

बाबांनी तिच्या दिशेनं हात नेला आणि मध्येच थांबवला. वहिनीनं तो हात घेऊन आपल्या मांडीवर ठेवला.

"पण परका माणूस नको," ती म्हणाली. "आणि तो कोट मी पुन्हा उसवणार नाही. भाऊजी, तुमचे खांदे ह्यांचेच आहेत. तुम्ही घालायचा."

धाकटा पांढराफटक पडला. "मी? मी नट नाही, वहिनी."

"तेही नव्हते," वहिनी म्हणाली.

आता मुखवटा लावायचा तर तो ज्याच्या तोंडावर बसायचा त्याच्या चेहऱ्याचा साचा आधी घ्यावा लागतो. कारखान्याच्या भिंतीवरच्या फळ्यांवर प्लास्टरचे दोनशे सत्तावीस चेहरे होते. त्यांत बाबा होते, ताई होती, बावीस वर्षांचा दादा होता, अगदी गेलेली आईसुद्धा होती. धाकट्याचा तेवढा नव्हता. लहानपणी साच्याचं नाव काढलं की तो पत्र्यावर चढून बसायचा, आणि त्याला उतरवायला दादाला जावं लागायचं.

ताईनं त्याला खुर्चीत बसवलं, डोक्याला टोपी घातली, भुवयांना मलम लावलं. "दोन्ही नाकपुड्या मोकळ्या राहणार आहेत. हवा कमी पडली असं वाटलं तर हात वर कर. मी ताबडतोब काढेन. बोलायचं नाही, हसायचं नाही. वीस मिनिटं."

"ताई, मी त्याला म्हणालो होतो, तू आयुष्यभर लोकांची तोंडं घालून फिर," धाकटा म्हणाला. "तेच माझं शेवटचं वाक्य. नऊ वर्षं मला वाटत होतं, फोन करायला अजून वेळ आहे."

"डोळे मीट," ताई म्हणाली.

गार, ओला लेप तिनं कपाळापासून खाली आणला. गाल झाकले, पापण्या झाकल्या, ओठ झाकले. वरून प्लास्टरच्या पट्ट्या चढवल्या. नाकपुड्यांच्या दोन भोकांतून त्याचा श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला. तिनं त्याचा हात हातात घेतला. तो हात वर जायला धडपडत होता. दोनदा अर्धा उचलला गेला आणि दोन्ही वेळा त्यानं तो स्वतःच खाली आणला.

"दादा तुझे सगळे चित्रपट बघायचा," ताई त्याच्या कानाशी म्हणाली. आता तो उत्तर देऊ शकत नव्हता, म्हणून तिला बोलता येत होतं. "पहिल्या दिवशी, पुढच्या रांगेत बसून. शेवटी नावं सरकतात ना, तिथं तुझं नाव फार बारीक असतं. ते येईपर्यंत उठायचा नाही. दिवे लागले तरी बसून असायचा. मग घरी येऊन म्हणायचा, आज दोनशेव्या ओळीत होता."

धाकट्याचे खांदे हलू लागले. "हलू नकोस, साचा फाटेल," ती म्हणाली, आणि तिचं तिलाच भरून आलं. पण त्यानं दम धरला. वीसच्या वीस मिनिटं.

पुढचे अठरा दिवस ताईनं धाकट्याच्या प्लास्टरच्या चेहऱ्यावर माती चढवली. बावीस वर्षांचा दादा फळीवरून उतरवून शेजारच्या स्टुलावर ठेवला होता, हाडांचं माप म्हणून. वय मात्र त्याच्यात नव्हतं. ते चित्रपटातल्या छायाचित्रांतून घ्यावं लागत होतं, आणि छायाचित्रात जे दिसत नाही ते वहिनीकडून. रोज दुपारी वहिनी हॉल ओलांडून मुखवट्यांच्या टोकाला येई. "डावी पापणी अजून थोडी खाली. उजव्या गालावर घडी दोन बोटं वर. उशीची घडी होती ती, कधी गेलीच नाही." एकदा ताईनं विचारलं की व्रण जास्त खोल झालाय का, तेव्हा वहिनीनं डोळे मिटून अंगठा मातीवर फिरवला आणि म्हणाली, "नाही. बरोबर आहे." आणि भरभर आपल्या टोकाला निघून गेली.

मातीवरून ओतलेल्या सिलिकॉनच्या मुखवट्याचा रंग बाबांनी कालवला. ब्रश त्यांना धरवत नव्हता, पण डोळे शाबूत होते. "पिवळा कमी," ते सांगायचे. "आईच्या बाजूचा रंग होता त्याचा. तांबूस हवा." धाकटा कामावरून परस्पर इकडे येऊ लागला. दादा पायरी कशी उतरायचा, फाटकाकडे बघताना मान कुठं वळायची, हे तो चित्रीकरण लावून लावून बघायचा आणि मग हॉलच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून दाखवायचा. वहिनी कोट टाचता टाचता मान वर करून म्हणायची, "नाही. हे घाईत चालताय." किंवा नुसतीच मान खाली घालायची, आणि मग जमलं हे सगळ्यांना कळायचं.

चित्रीकरणाच्या दिवशी ताईनं सकाळी सहापासून साडेतीन तास घेतले. कपाळ, नाक, गाल, हनुवटी. गोंद, वाळवणं, कडा विरघळवणं, वरून रंगाचे बारीक शिंतोडे. शेवटी भुवया. ती मागे सरली तेव्हा खोलीत चहा घेऊन आलेली बाई दारातच थबकली आणि ट्रे तसाच घेऊन परत गेली. ताईलाही आरशाकडे बघवेना. तिनं हातातल्या ब्रशकडे पाहिलं.

वहिनी कोट घेऊन आली. तिनं तो धाकट्याच्या खांद्यांवर चढवला, पाठीवरून हात फिरवला, पुढे येऊन एकेक बटण लावलं. चेहऱ्याकडे तिनं पाहिलं ते सगळ्यात शेवटी. फार वेळ पाहिलं.

"वहिनी," मुखवट्यातून धाकट्याचा आवाज आला.

"आता बोलू नका, भाऊजी," ती म्हणाली. "तो बोलत नाही ह्या प्रसंगात."

आज दाराचा प्रसंग होता, खिडकीचा उद्या. त्यासाठी एक साधी विटांची गल्ली निवडली होती, दोन पायऱ्यांचं एक घर आणि निळं दार. बाबांना दिग्दर्शिकेच्या शेजारी, छोट्या पडद्यासमोर खुर्ची दिली होती. त्यांच्यामागे ताई आणि वहिनी उभ्या राहिल्या. सगळं शांत झालं.

फाटकवाला गल्लीच्या टोकाशी दिसला. तो घाईत नव्हता. मधल्या एका घरासमोर तो थांबला, जणू परत फिरणार, आणि मग पुढे आला. पायऱ्या चढून दार वाजवलं. दार उघडलं. मुलीचं काम करणाऱ्या त्या पोरीनं समोर पाहिलं, आणि तिचा हात दारावरून घसरला. ती रडली नाही. तिनं नुसतं एक पाऊल मागे घेतलं, आत यायला जागा केली. फाटकवाल्यानं कोटाच्या खिशातून हात काढला, त्याचं काय करावं हे त्याला कळेना, आणि तो हात त्यानं दाराच्या चौकटीवर ठेवला. असं करायला त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

वहिनीची बोटं ताईच्या दंडात रुतली होती.

"झालं," दिग्दर्शिका म्हणाली, आणि आपला आवाज बिघडलाय हे लक्षात येऊन पुन्हा म्हणाली, "झालं." मग तिनं बाबांकडे वळून कामाचा प्रश्न विचारला. ह्या वयाच्या आणि ह्या धंद्यातल्या माणसाला तोच विचारायचा असतो. "बाबा, मुखवट्याची कड कुठं दिसली का? कानाजवळ, गळ्याजवळ? दिसली असेल तर पुन्हा घेऊ. उन्हं आहेत अजून."

साठ वर्षं पडद्यावर कडाच शोधत आलेल्या बाबांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकानं पुसला.

"मी कडा बघितल्या नाहीत," ते म्हणाले. "मी मुलाकडे बघत होतो."

कोणत्या मुलाकडे, हे कुणी विचारलं नाही. ताईनं गोंद सोडवायची बाटली उचलली आणि ती निळ्या दाराकडे चालू लागली. धाकटा पायरीवर बसून तिची वाट बघत होता.